दीवला जे झालं ते तारकर्लीला होऊ नये म्हणून

काकू, नमस्कार. मी इंदूरचीच. वय ४६, बँकेत नोकरी. माझी बालमैत्रीण लग्नानंतर बडोद्याला गेली. आम्ही रामबागेत एका वाड्यात वाढलो, अजूनही दर रविवारी तासभर फोन असतो. दोन वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी दोघीच दीवला गेलो. मी सगळं वेळापत्रक करून नेलं होतं. पण ती नऊशिवाय उठेना, दिवसभर फोटो आणि घरचे फोन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागोआच्या किनाऱ्यावर मला म्हणाली, "तू अजून तश्शीच आहेस, वर्गाची मॉनिटर." त्यानंतर परत येईपर्यंत "चहा घेतेस?" एवढंच काय ते बोलणं. पुढे फोन सुरू झाले, पण त्या विषयावर दोघीही गप्प. आता डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोकणात मालवणजवळच्या तारकर्लीला जाऊ या असं तिच्या डोक्यात आलंय, सहा रात्री. मन होतंय आणि धास्तीही वाटतेय. ती शाकाहारी, मी मासेखाऊ. तिला बीपीची गोळी चालू आहे. पहिले दोन-तीन दिवस धड गेले तर पुढचं जमेल असं वाटतं. ते कसे काढावेत? की जाऊच नये?

— एक वाचक, इंदूर

जा. हे आधी सांगून मोकळी होते, म्हणजे बाकीचं तू धडधडत्या छातीने वाचणार नाहीस. उत्तर तुझ्याच पत्रात आहे. तारकर्लीचं तिच्या डोक्यात आलं. जिने तुला मॉनिटर म्हटलं, तिलाच पुन्हा तुझ्याबरोबर जायचंय, आणि चार नाही, सहा रात्री. तुझा खरंच वीट आला असता तर तिने नवऱ्याला घेऊन माउंट अबू गाठलं असतं.

आता जरा तुझ्याकडे वळते. "मी सगळं वेळापत्रक करून नेलं होतं" हे तू असं लिहून पुढे गेलीस, जणू त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी तिथेच अडखळले. पोर्तुगीजांचा किल्ला, नायडा गुहा, लाटा पिंडींवर येतात ते गंगेश्वर, घोघल्याचा किनारा, हे सगळं तू दोन दिवसांत बसवलं असशील. किल्ला बहुधा भर दुपारी. दीव केवढंसं बेट! चार दिवस हातात असताना पळायचं कशाला?

रविवारचा तासभर फोन आणि सलग चार दिवस एक खोली, यांत फार अंतर आहे. फोनवर माणूस आपल्यातलं बरं तेवढं घेऊन येतो. खोलीत तो घोरतो, गिझर चालू ठेवून विसरतो, ओला टॉवेल दुसऱ्याच्या पलंगावर टाकतो. वाड्यातली तुला पाठ असलेली मुलगी पंधरा-सोळा वर्षांची होती. बडोद्याहून येणारी बाई घर, नातेवाईक, बीपी यांतून आठवडाभर सुटून आलेली असते. नऊपर्यंत कोणी न उठवणं हीच तिची सुट्टी असेल. तुला ती वाया गेलेली सकाळ वाटली. दोघींचंही काही चुकलं नाही, फक्त निघण्याआधी कोणी विचारलं नाही.

पहिल्या दिवसांचं म्हणशील, तर पहिला दिवस कुठून सुरू होतो ते आधी बघ. तू संध्याकाळी इंदूरला अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसणार, ती रात्री उशिरा बडोद्याला चढणार. सकाळी मुंबई. कोकणातल्या सकाळच्या बहुतेक गाड्या तोवर सुटलेल्या असतात किंवा सुटण्याच्या बेतात, त्यांच्या मागे बॅगा घेऊन धावायचा विचारही करू नका. दिवस मुंबईत कोणा नातेवाइकाकडे काढून रात्री दादरहून तुतारी एक्स्प्रेस धरलीत, तर सकाळी कुडाळ. तिथून मालवण साधारण तासाभरावर, रिक्षा किंवा एसटी. एक मात्र जप: तुतारी रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते, म्हणजे तिकिटावर पुढची तारीख हवी. दहाच्या रात्री दादरला उभी राहणार असशील तर तिकीट अकराचं. यात भले भले फसतात. आणि नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला हलायला लागशील, दिवाळीच्या फराळात विसरू नकोस.

तर हिशेब असा: तारकर्लीच्या वाळूत पाय पडेल तेव्हा दोघींच्या दोन रात्रींच्या झोपेचं खोबरं झालेलं असेल. त्यात हवा. डिसेंबरात आपल्याकडे रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो, हवा कोरडी. तू स्वेटर घालून निघशील आणि कुडाळला उतरल्यावर घामाच्या धारा लागतील. तिथे दिवसा तिशीच्या वर तापमान असतं आणि हवेत इतका ओलावा की घाम वाळतच नाही. घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, जीव नुसता आंबतो. माळव्यातल्या माणसाला हे सोसायला दोन-चार दिवस लागतात. अशा अवस्थेत माणूस साध्या प्रश्नालाही फाडकन उत्तर देतो. तुमचं दीवचं भांडण दुसऱ्या संध्याकाळी झालं, यात मला अजिबात नवल वाटत नाही. दोन दिवसांची अपुरी झोप, अंगावर चढलेलं ऊन, वर तुझं वेळापत्रक. तोंडातून निघालं ते "मॉनिटर", पण त्यातला अर्धा त्रागा उन्हाचा होता.

म्हणून पहिल्या दिवशी काही बघायचं नाही. खरंच काही नाही. आंघोळ, जेवण, झोप. संध्याकाळी पुळणीवर पाय ओले करत चालायचं, सूर्य समोर पाण्यात बुडतो तो बघायचा. रापण ओढत असतील तर जरूर उभ्या राहा: किनाऱ्यापासून लांबवर टाकलेलं जाळं दोन्ही टोकांनी माणसं मिळून ओढतात, त्याला बराच वेळ लागतो, आणि तो बघताना आपोआप बोलणं निघतं. रात्रीचं जेवण लवकर. सराफ्यात रात्री बाराला गराडू खाणाऱ्या आपल्या लोकांना हे जड जातं, पण तिकडे घरगुती निवासात स्वयंपाक सांगितल्यावर होतो. दुपारच्या ताटाचं सकाळी सांगायचं, रात्रीचं दुपारी. साडेदहाला भूक लागली तर भिया, काही नाही मिळत. शेवेचं पाकीट जवळ असू दे. जिरावण मसाला पण ने, तिकडच्या पोह्यांवर लागतो.

दुसरा दिवस सगळ्यात नाजूक, कारण त्या दिवशी आपल्याला वाटतं की आता आपण ताज्यातवान्या झालो. समुद्रावर वारा असतो, म्हणून ऊन लागतंय हे कळत नाही. भाजलेलं अंग कळतं ते संध्याकाळी, आणि रात्री उशी टोचायला लागते. सकाळी दहाच्या आत पाण्यात जाऊन या, मग थेट चारनंतर. सनस्क्रीन निघण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा, नाहीतरी दर दोन तासांनी. मान, कान आणि पायाचा वरचा भाग हमखास राहून जातो. मधल्या वेळी झोपा, वाचा, ओसरीवर बसून शहाळं प्या. तिला नऊला उठायचं तर उठू दे, तू सहाला एकटी चालून ये. तेव्हा किनारा जवळजवळ रिकामा असतो आणि तुला हवी ती शिस्त स्वतःपुरती पाळता येते.

इथेच माझा मुख्य आग्रह. दोन खोल्या घ्या.

मला माहीत आहे, ऐकताच तुझ्या मनात दोन गोष्टी आल्या असतील: पैसे वाया, आणि तिला काय वाटेल. पैशाचं म्हणशील तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाताळची गर्दी अजून सुरू झालेली नसते, तेव्हा भाव बोलायला जागा असते. तिला काय वाटेल ते तिला विचार. माझा अंदाज, ती सुटकेचा श्वास सोडेल. आपल्या पिढीच्या बायका आयुष्यभर कोणाबरोबर तरी खोली वाटून घेत आल्या: आधी बहिणी, मग नवरा, मग मुलं. एका दाराला आतून कडी घालून, दिवा आपल्या मर्जीने मालवून सहा रात्री झोपायचं हे किती जणींच्या वाट्याला येतं? आणि दोन खोल्या म्हणजे दुरावा, हे काही खरं नाही. रात्री ओसरीवर हव्या तेवढ्या वेळ गप्पा मारा. फक्त जांभई आली की जिला जायचं तिला उठून जाता यावं, दुसरीच्या डोळ्यांवर दिवा येऊ नये. दोन खोल्या अगदीच नसतील तर निदान दोन वेगळे पलंग आणि पंखा किती नंबरवर हे पहिल्याच रात्री ठरवून टाका. हसू नकोस, पंख्यावरून फार मैत्र्या गेल्यात.

तसंच दिवसातले दोन-तीन तास वेगळे राहायचं ते पहिल्याच दिवसापासून. पटेनासं झाल्यावर "मी जरा फिरून येते" म्हटलं की ते दार आपटल्यासारखं होतं. आधीपासून रिवाज असला की कोणाला लागत नाही. तिचे फोन, तिचे फोटो त्या वेळात होऊ देत. फोटोबाबत एकच अट घाल: तुझा फोटो कुठेही टाकण्यापूर्वी तुला दाखवायचा. गॅसचा नंबर कुठे ठेवलाय हे विचारायला घरून फोन येणारच, तिला आणि तुलाही. त्यावर नाक मुरडू नकोस.

तिसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला. तुझ्यातल्या मॉनिटरला हा दिवस देऊन टाक, तिलाही तसं सांग. मालवणच्या धक्क्यावरून होडी जाते, सकाळी लवकर जा, कारण तटावर सावली नाही आणि तट जवळजवळ तीन किलोमीटरचा आहे. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर पायाभरणी केली. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं, आणि चुन्यात उमटलेला महाराजांच्या हातापायाचा ठसा. चहूबाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरींना गोडं पाणी. अर्धा तट फिरून ती म्हणाली "बस्स", तर बस्स. उरलेला तू एकटी फीर, ती विहिरीपाशी बसेल.

देवबागचा संगम, स्कूबा वगैरे चौथ्या दिवसापुढे. मालवणचं स्कूबा म्हणजे बहुतेकदा प्रशिक्षक आपल्याला धरून थोड्या खोलीपर्यंत नेतो, पोहता यायलाच हवं असं नसतं. पण बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाने इंदूर-बडोद्याहून निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. तिथे होडीत बसल्यावर फॉर्मवर "काही आजार नाही" असं ठोकून द्यायचं नाही. सर्दी असेल तर तूही उतरू नकोस, कान दुखून हैराण होशील.

पाण्याबद्दल मात्र मी मॉनिटरच आहे. आपण ओंकारेश्वर-महेश्वरला नर्मदेत डुबकी मारलेली माणसं, आपल्याला वाटतं पाणी म्हणजे पाणी. नदीची ओढ एका दिशेला असते, ती डोळ्यांना दिसते. समुद्र किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्याकडे ओढतो. लाटा सगळीकडे फुटतायत आणि मधला एक पट्टा गुळगुळीत, जरा गडद दिसतोय, तर तिथे उतरू नका, पाणी परत जातं ती वाट तीच. कधी सापडलीसच तर किनाऱ्याकडे झुंजू नकोस, किनाऱ्याला समांतर सरकत त्या पट्ट्यातून बाहेर पड आणि मग किनाऱ्याकडे ये. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटीच्या वेळी ओढ फार, तिथे आंघोळ नकोच.

भरती-ओहोटीसाठी कोकणातला जुना हिशेब कालनिर्णयावर करता येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. हा ढोबळ अंदाज, शेवटचा शब्द होडीवाल्याचा. अमावास्या-पौर्णिमेजवळ उधाण असतं, पाणी जास्त चढतं-उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढउतार कमी. तुझ्या वेळापत्रकाच्या हौसेला हे काम दे, तिथे ते खरंच उपयोगी पडेल.

जेवणाचं तू एका वाक्यात लिहिलंस, पण दिवसातून तीनदा समोर येणारी गोष्ट ती. खोली ठरवतानाच विचार की शाकाहारी भांडी, तवा वेगळा ठेवाल का. ठेवणारी घरं असतात, पण आधी विचारावं लागतं. मालवणी म्हणजे नुसती मासळी नव्हे: काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या, घावणे, कुळथाची पिठी, सोलकढी. काजूची उसळही मिळेल, मात्र ओले काजू फेब्रुवारी-मार्चचे, डिसेंबरात सुके भिजवलेले. तिला रोज वरण-भात-बटाट्यावर बसावं लागलं तर तिसऱ्या दिवशी तुझी सुरमई तिच्या डोळ्यांत खुपेल, आणि तो दोष सुरमईचा नसेल. तू मार्गशीर्षातले गुरुवार करत असशील तर त्या दिवशी तिच्याच ताटातलं खा. नसशील करत, तरी एखादा दिवस कर.

पैसे: दोघींनी सारखी रक्कम एका पाकिटात टाकायची, रिक्षा, चहा, होडी त्यातून. संपलं की पुन्हा सारखी. मासळीचे जास्तीचे पैसे तुझे तू दे, तिने "असू दे गं" म्हटलं तरी. रोख जवळ ठेवा, तिकडे रेंज रुसली की फोनवरून पैसे जात नाहीत.

एवढं करूनही एखादी संध्याकाळ बिनसेल. बिनसू दे. त्या रात्री मिटवायला बसू नका, दमलेली माणसं मिटवायला बसली की जुनी वही उघडते. जेवा, झोपा, सकाळी चहाला भेटा. दोन दिवसांनीही पीळ सुटला नाही तर एक जण वेंगुर्ल्याची एसटी धरून दिवसभर एकटी भटकून येऊ दे. त्यात कोणाचा पराभव नाही.

राहिला तो दीवचा शब्द. तो तारकर्लीपर्यंत न्यायचा नाही. येत्या रविवारी फोनवर तूच काढ, पण खुलासा मागायला नको. "दीवला मी तुला पळवलं, नाही का? पण तू म्हणालीस ते मला लागलं होतं," एवढं म्हण आणि गप्प बस. ती काय बोलेल ते ऐक. कदाचित तिला ते वाक्य आठवतही नसेल, त्याने तुला राग येईल, तरी गप्प बस. मग दोन खोल्यांचं विचार, आणि तिला या सहा दिवसांत काय करायचं नाही तेही विचार. काय करायचं हे माणूस समोरच्याच्या मर्जीने सांगतो, काय नको ते खरं सांगतो.

आणि अवंतिकेत खालचा बर्थ तिच्यासाठी ठेव. एवढ्या रात्री बॅग घेऊन चढणाऱ्या माणसाला वरच्या बर्थवर पाठवू नये.